कामठीचा ठराव आणि मतदार यादी

ऐन वैशाखात, ७ मे १९३२ रोजी, नागपूरजवळच्या कामठीत अखिल भारतीय डिप्रेस्ड क्लासेस काँग्रेसचं दुसरं अधिवेशन सुरू झालं. अध्यक्ष होते मद्रासचे मुनिस्वामी पिल्ले. स्वागताध्यक्ष होते कामठीचेच अठ्ठावीस वर्षांचे हरदास लक्ष्मण नगराळे, ज्यांना विदर्भ आजही बाबू हरदास एल. एन. म्हणून ओळखतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः हजर होते. अधिवेशनाचा मुख्य ठराव मतांबद्दल होता. अस्पृश्यांना मत द्यावं का, एवढ्यावर तेव्हा वाद उरला नव्हता. वाद होता तो अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडून येणार यावर.

या वादाची दुसरी बाजूही नागपूरचीच होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे आणि मद्रासचे अस्पृश्य नेते एम. सी. राजा यांनी एक करार केला होता. अस्पृश्यांना राखीव जागा मिळाव्यात, पण मतदारसंघ संयुक्त असावेत, म्हणजे त्या जागांवरचा उमेदवार सगळ्या हिंदू मतदारांनी मिळून निवडावा, असं त्यात ठरलं होतं. विदर्भातले गणेश आकाजी गवई राजांच्या बाजूला होते. कामठीच्या अधिवेशनाने हा करार फेटाळला आणि स्वतंत्र मतदारसंघाची मागणी उचलून धरली. लंडनमधल्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्य, मुसलमान, भारतीय ख्रिस्ती आणि इतर अल्पसंख्य गटांच्या प्रतिनिधींनी मिळून जो करार केला होता, त्याच्याशी हा ठराव जुळणारा होता.

हे सगळं आज वाचताना अनेकांना जुनं भांडण वाटतं. आता तर प्रत्येक प्रौढाला मत आहे, एका माणसाला एक मत आहे, मग ‘अल्पसंख्याकांच्या मताला संरक्षण’ हा विषय कशासाठी काढायचा, असं मला अनेकदा विचारलं जातं. माझं उत्तर असं की कामठीने १९३२ साली विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही. मताचा अधिकार आहे असं जाहीर करणं ही पहिली पायरी झाली. ज्याची संख्या कमी आहे, ज्याच्या हातात गावची सत्ता नाही, त्याचं मत यादीत आलं पाहिजे, पेटीपर्यंत पोचलं पाहिजे, ते दिल्यावर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, आणि मोजल्यावर त्याला काही वजन असलं पाहिजे. यातली एकही गोष्ट आपोआप होत नाही. प्रत्येकीसाठी कुठे ना कुठे एक कलम लिहावं लागलं आहे.

संयुक्त मतदारसंघाला कामठीचा विरोध का होता, ते साध्या हिशेबाने कळतं. समजा एका मतदारसंघात शंभर मतदार आहेत आणि त्यात अस्पृश्य पंधरा. जागा राखीव आहे, म्हणजे उमेदवार अस्पृश्यच हवा. दोन अस्पृश्य उमेदवार उभे राहिले. एक पंधरांच्या विश्वासातला, दुसरा पंच्याऐंशींना सोयीचा. पंधराच्या पंधरा मतं पहिल्याला पडली तरी निवडून दुसराच येतो. जागा अस्पृश्यांच्या नावावर, प्रतिनिधी मात्र इतरांच्या पसंतीचा.

शिवाय तेव्हा त्या शंभरात पंधरा तरी अस्पृश्य असायचे का, हाही प्रश्नच होता. मताचा हक्क जमीन, कर, घरभाडं आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक निवडणुकांचे मतदार होते सुमारे ७० लाख. १९३२ च्या लोथियन समितीने, जिचे आंबेडकर सदस्य होते, ही संख्या ३ कोटी ६० लाखांपर्यंत नेण्याची शिफारस केली. तरीही प्रौढांमधले बहुसंख्य बाहेरच राहणार होते. कामठीतल्या विडी वळणाऱ्या बाईला किंवा हातमागावरच्या विणकराला अशा अटींतून मत मिळणं अवघडच होतं. ज्याला पिढ्यानपिढ्या जमीन आणि शाळा नाकारली, त्यालाच आता जमीन आणि शाळा नाही म्हणून मत नाकारायचं, हा अन्याय आंबेडकर १९१९ सालच्या साउथबरो समितीपुढच्या साक्षीपासून सांगत होते. अस्पृश्यांसाठी पात्रतेची अट खाली आणा, अशी मागणी त्यांनी तेव्हाच केली होती. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकारच मागितला.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला आणि त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा १४८ झाल्या, त्यातल्या २० मध्य प्रांताला मिळाल्या. करारातली एक तरतूद मात्र आपण विसरलो आहोत. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवारांची फळी निवडायची आणि मग त्या चौघांमधून सगळ्या मतदारांनी एकाला निवडायचं, असं ठरलं होतं. कामठीच्या ठरावाचा थोडासा अंश या प्राथमिक फेरीत टिकून राहिला होता. राज्यघटनेत तोही आला नाही.

१९३७ च्या निवडणुकीत बाबू हरदास स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्य प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले. विडी कामगारांची संघटना बांधणारा, रात्रशाळा चालवणारा, ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो हा माणूस, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेला. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे आणि जानेवारीत तिथे आजही गर्दी होते. ज्या कायदेमंडळात ते बसले, तिथे पोचण्याची वाट त्यांच्या पिढीला कोणी मोकळी करून ठेवलेली नव्हती. परिषदा, ठराव, निवेदनं आणि तारा पाठवून पाठवून ती करून घ्यावी लागली.

कामठीचा हिशेब किती खरा होता, हे बावीस वर्षांनी कामठीपासून जवळच दिसलं. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ असत, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. बोरकरही दलितच होते आणि निवडणूक कायद्याप्रमाणेच झाली, हे मान्यच आहे. पण राखीव जागेचा निकाल शेवटी कोणाच्या हातात असतो, हे त्या निकालाने दाखवून दिलं.

मी आज स्वतंत्र मतदारसंघ मागत नाही. फाळणीनंतर घटना समितीने ती वाट बंद केली, आणि धर्मावर आधारलेल्या याद्यांनी देशाचं काय झालं हे तिच्या सदस्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याऐवजी त्यांनी दोन कलमं लिहिली. कलम ३२५ सांगतं की प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही त्या यादीतून वगळता येणार नाही. कलम ३२६ सांगतं की निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील. मालमत्ता, शिक्षण, कर या साऱ्या अटी एका वाक्यात गेल्या. कामठीतल्या विडी कामगार बाईचं नाव तिच्या कारखानदाराच्या नावासोबत एकाच यादीत आलं, ते या दोन कलमांमुळे.

ही यादी करण्याचं काम घटना लागू होण्याआधीच, १९४७-४८ मध्ये सुरू झालं होतं. त्या वेळचा एक निर्णय आज मुद्दाम आठवण्यासारखा आहे. फाळणीत लाखो निर्वासित आले होते. त्यांच्याकडे ना घर होतं ना कागद. अमुक इतके दिवस या पत्त्यावर राहिलो, असं ते दाखवू शकत नव्हते. तेव्हा घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना कळवलं की इथे कायम राहण्याचा इरादा आहे एवढं निर्वासिताने जाहीर केलं, की त्याचं नाव यादीत घ्यावं. राज्य नवं होतं, तिजोरी रिकामी होती, रस्त्यांवर रक्त होतं, तरी कागद नाही म्हणून माणूस बाहेर ठेवू नका, असं सांगण्याइतका विश्वास त्या कारकुनी यंत्रणेत होता. त्याच कामात एक मोठी चूकही राहून गेली. अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ असंच लिहून दिलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं पहिल्या यादीतून गळली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय नोंद करायची नाही असा आग्रह धरला, म्हणून पुढच्या निवडणुकीत ही स्थिती सुधारली. बायकांचं मत कोणी कायद्याने नाकारलं नव्हतं. ते यादीतच अडकलं होतं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ती कळली नाही तर पुढचं सारं अधांतरी राहतं. आपल्याकडे मत देण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही. भाषणाचं स्वातंत्र्य मूलभूत आहे, मत देणं हा मात्र कायद्याने दिलेला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालय १९५२ पासून सांगत आलं आहे. म्हणजे घटनेने पाया घातला, पण भिंती आहेत त्या १९५० आणि १९५१ च्या दोन लोकप्रतिनिधित्व कायद्यांच्या आणि १९६० च्या मतदार नोंदणी नियमांच्या. त्यातला एखादा नियम सैल झाला, एखादी मुदत आखडली, एखादा नवा कागद सक्तीचा झाला, तर कलम ३२६ जसंच्या तसं राहूनही कोणाचं तरी मत जाऊ शकतं. म्हणून ‘अधिकार तर घटनेतच आहे’ या वाक्याने माझं समाधान होत नाही.

दुसरा धोका वेळेचा आहे. निवडणूक सुरू झाली की न्यायालय मध्ये पडत नाही, हे कलम ३२९ ने ठरवलं आहे. तक्रार करायची ती निकालानंतर, ४५ दिवसांत, निवडणूक याचिकेने. आणि त्या याचिकेत मतदार यादीच चुकीची होती हा मुद्दा सहसा चालत नाही, कारण यादी तेव्हा अंतिम मानली जाते. आता ज्याचं नाव मतदानाच्या आधी कटलं त्याचा विचार करा. मतदानाच्या दिवशी त्याला कोणी मदत करू शकत नाही आणि नंतर त्याचं ऐकलं जात नाही. त्याच्यासाठी निवडणूक म्हणजे यादी पक्की होण्याआधीचे काही आठवडेच.

अमेरिका हे आधी शिकली आणि मग विसरली, म्हणून तिकडची हकीकत थोडक्यात सांगतो. तिथे काळ्या नागरिकांना मताचा हक्क घटनादुरुस्तीने १८७० मध्येच मिळाला होता. पण दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या चाचण्या आणि मतदान कर यांच्या आधारे तो जवळजवळ शंभर वर्षं कागदावरच ठेवला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर सही झाली. मिसिसिपीत काळ्या प्रौढांपैकी जेमतेम ६.७ टक्के यादीत होते. दोन वर्षांत ते जवळजवळ ६० टक्के झाले. घटना तीच होती, माणसं तीच होती. फरक एका कायद्याचा होता. त्या कायद्याचा कणा असा होता की ज्या भागांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. नुकसान होण्याआधी थांबवण्याची ही सोय होती. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या भागांना ही अट लागू होते ते ठरवणारं सूत्रच जुनं झालं म्हणून रद्द केलं. परिस्थिती आता बदलली आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. परिस्थिती बदलली होती ती याच कायद्यामुळे. निकालाच्या दिवशीच टेक्सासने अडवून ठेवलेला ओळखपत्राचा कडक कायदा लागू करण्याची घोषणा केली. उत्तर कॅरोलायनाने त्याच वर्षी केलेला कायदा पुढे २०१६ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, कारण काळ्या मतदारांच्या सवयी नेमक्या हेरून त्यांच्याच सोयी काढून घेतल्याचं न्यायालयाला दिसलं.

आपल्याकडे अशी आगाऊ परवानगीची पद्धत नाही. आपल्याकडे आहे ती सुनावणी. आणि त्या सुनावणीचा अर्थ ज्या निकालाने पक्का केला तो अंशतः मुंबईचा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत आणि मुंबईत गरीब वस्त्यांमधल्या अनेक मतदारांना नोटिसा गेल्या: तुम्ही भारताचे नागरिक आहात हे सिद्ध करा, नाहीतर नाव काढू. यादीत वर्षानुवर्षं असलेली, आधी मतं दिलेली ही माणसं होती. त्यातल्या अनेकांच्या बाजूने कागद असूनही पोलिसांच्या अहवालावर भर दिला गेला. ६ फेब्रुवारी १९९५ रोजी लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव आधीच यादीत आहे, त्याची तपासणी पूर्वी रीतसर झाली होती असंच धरून चालावं. ते खोडायचं असेल तर संशयाचं कारण त्या माणसाला कळवलं पाहिजे, त्याला बाजू मांडायची खरी संधी दिली पाहिजे आणि त्याने आणलेला कागद पाहिला पाहिजे. वस्तीच संशयास्पद आहे म्हणून सरसकट नोटिसा काढणं चालणार नाही. नागरिकत्वाच्या संशयाची नोटीस कोणत्या वस्त्यांत येते आणि कोणत्या सोसायट्यांत कधीच येत नाही, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

या निकालाची गरज तीस वर्षांनी पुन्हा पडली. बिहारमध्ये २४ जून २०२५ रोजी यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश निघाला. १ ऑगस्टच्या कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं दिली गेली, आणि त्यातली बरीच खरीही असतील. पण कोणतं नाव कोणत्या कारणाने गेलं, हे लोकांपुढे ठेवलेलं नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वगळलेल्या ६५ लाखांची यादी कारणांसह प्रसिद्ध करा. याद्या शुद्ध असाव्यात हे मला पूर्ण मान्य आहे. मेलेल्याच्या नावावर पडलेलं मत जिवंत माणसाचंच मत खातं, आणि त्यातही ज्याचं राजकीय बळ कमी त्याचं आधी. आक्षेप आहे तो शुद्धीकरणाचा बोजा कोणावर टाकला यावर. कागद जपून ठेवणं हे स्थिर घर, शिक्षण आणि पैसा यांच्यासोबत येतं. पावसात गळणाऱ्या घरात राहणारा, भाड्याची खोली दर दोन वर्षांनी बदलणारा, सासरी गेल्यावर नाव बदललेली, हंगामात कामाला परगावी जाणारा, यांच्याकडे कागद नसतात, आणि दलित, आदिवासी व मुस्लिम यांचं प्रमाण अशा लोकांत मोठं आहे. १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की घरापासून काही काळ दूर गेला एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी नाही असं होत नाही. कामठीचा विणकर काही महिने भिवंडीला मागावर गेला, म्हणून तो कामठीचा मतदार राहत नाही असं नाही. पण घरी चौकशीला आलेल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, कुलूप दिसतं आणि शेजारी म्हणतो, ‘ते तर इथे राहत नाहीत जी.’ मग शेरा पडतो.

कामठीचं नाव २०२५ च्या जूनमध्ये देशभर गाजलं तेही यादीवरूनच. राहुल गांधी यांनी वर्तमानपत्रातल्या लेखात या मतदारसंघाचं उदाहरण दिलं: २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसला इथे सुमारे १ लाख ३६ हजार मतं होती, विधानसभेला १ लाख ३४ हजार, म्हणजे जवळपास तेवढीच, विरोधी बाजूची मात्र १ लाख १९ हजारांवरून १ लाख ७५ हजार झाली, आणि मधल्या काळात ३५ हजार नवे मतदार वाढले. निवडणूक आयोगाने आरोप निराधार ठरवले आणि याद्या कायद्याप्रमाणेच झाल्याचं सांगितलं. त्या निवडणुकीत कोण का जिंकलं याचा निवाडा करायला हा लेख नाही. मला त्या वादातून दिसतं ते असं की नावं वाढवणं आणि नावं काढणं ही एकाच यंत्रणेची दोन कामं आहेत: नमुना ६ आणि नमुना ७. दोन्हींच्या याद्या लोकांना सहज तपासता येतील अशा स्वरूपात खुल्या असतील, तर विरोधकाचा संशयही मिटतो आणि वस्तीतल्या माणसाची भीतीही.

नाव यादीत आहे, माणूस रांगेत आहे, तरी प्रश्न संपत नाही. गावातल्या दबावाचं काय? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मत देऊ नको किंवा अमक्यालाच दे म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा केला गेला. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ही तरतूद बरीच वाढवली. उमेदवारी अर्ज भरण्यापासून रोखणं, सूचक होऊ न देणं, पंचायतीच्या दलित सदस्याला काम करू न देणं, आणि मतदान झाल्यानंतर मारहाण करणं किंवा सामाजिक-आर्थिक बहिष्कार टाकणं, हेही त्यात आलं. शेवटचा भाग ज्याने लिहिला त्याला गाव ठाऊक होतं. मतदानाच्या दिवशी केंद्रावर पोलीस असतात, कॅमेरा असतो. सूड त्यानंतर घेतला जातो: विहिरीवर, शेतमजुरीत, किराणा उधारीत.

सूड घ्यायचा तर मत कोणाला पडलं हे कळावं लागतं. म्हणून गुप्त मतदान हे दुबळ्याचं सर्वांत मोठं संरक्षण आहे. १९५१ च्या कायद्यात तुम्ही कोणाला मत दिलंत हे न्यायालयातसुद्धा सांगायची सक्ती नाही. २०१३ मध्ये ‘वरीलपैकी कोणी नाही’ हा पर्याय देताना सर्वोच्च न्यायालयाने हीच गुप्तता भाषणस्वातंत्र्याशी जोडली. आणि तरीही आपण एक मोठं भगदाड उघडं ठेवलं आहे. एकेका माणसाचं मत गुप्त आहे, वस्तीचं नाही. मतदान यंत्रं केंद्रनिहाय मोजली जातात आणि प्रत्येक केंद्राचा आकडा जाहीर होतो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, बहुधा एकाच मोहल्ल्यातले किंवा एकाच वाड्यातले. कामठीसारख्या शहरात, जिथे बौद्ध वस्त्या आणि मुस्लिम मोहल्ले वेगवेगळे ओळखता येतात, निकालानंतर कोणीही तो तक्ता उघडून बसू शकतो आणि कोणत्या गल्लीने आपल्याला मतं दिली नाहीत ते बोट ठेवून सांगू शकतो. मग नळाची लाईन कुठे आधी येणार, रस्ता कुठे राहणार, हे त्या तक्त्यावरून ठरण्याची भीती खोटी नाही.

कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर उपाय होता. मोजण्याआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रांसोबत ती सोय गेली. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण सुचवलं. त्याने चौदा केंद्रांपर्यंतची मतं एकत्र मोजता येतात, केंद्राचा वेगळा आकडा बाहेर येत नाही. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळे गैरप्रकार पकडता येतात, असं याविरुद्ध सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पारदर्शकता आणि गुप्तता इथे खरोखर एकमेकींच्या आड येतात. माझं मत मात्र ठाम आहे. ज्या मतदाराला आपल्या मताची किंमत पाण्याच्या लाईनीत मोजावी लागेल, त्याची गुप्तता आधी येते. तपासणीसाठी केंद्राचे आकडे आयोगाकडे आणि न्यायालयाकडे मोहोरबंद ठेवता येतील.

मताला वजन असणं म्हणजे आपल्यातल्या माणसाला उभं करता येणंही. कामठीत याची एक मोठी आठवण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यात कामठीच्या वस्त्या होत्या. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू व शीख, एवढ्यांनाच अनुसूचित जातीचा माणूस मानलं होतं. बौद्ध झालेला माणूस मत देऊ शकत होता, पण ज्या राखीव जागा त्याच्याच बापजाद्यांच्या लढ्याने मिळाल्या, त्यांवर उभा राहू शकत नव्हता. हे बदलायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! बाबू हरदासांच्या गावातली एक अख्खी पिढी त्यात निघून गेली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी ते दार आजही बंद आहे.

राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क किती घाईत काढून घेतला जाऊ शकतो, हे कामठी ज्यात येते त्या रामटेक लोकसभा मतदारसंघाने २०२४ मध्ये पाहिलं. जागा अनुसूचित जातीसाठी राखीव. काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र अर्जांच्या छाननीच्या तोंडावर, २८ मार्चला रद्द झालं आणि त्यांचा अर्ज बाद झाला. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो निर्णयच रद्दबातल ठरवला. तोवर मतदान होऊन पाच महिने झाले होते. त्यांचे पती पर्यायी उमेदवार म्हणून निवडून आले ही वेगळी गोष्ट. उमेदवाराचा हक्क मात्र निकालाच्या नंतर परत मिळाला.

तेव्हा प्रश्न पुन्हा वेळेचाच आहे, आणि इथे दुरुस्ती करणं शक्य आहे. आज ज्याचं नाव कटतं, त्याला १९५० च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कामठीच्या विडी कामगार बाईसाठी पहिलं अपील म्हणजे नागपूरची फेरी आणि एका दिवसाची मजुरी, दुसरं म्हणजे मुंबई. तेही तिला नाव कटल्याचं वेळेत कळलं तर. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ३२ मध्ये तीन महिने ते दोन वर्षं शिक्षा लिहिली आहे, पण तक्रार निवडणूक यंत्रणेच्याच वरिष्ठांनी केली तरच खटला चालतो. बिहारमध्ये न्यायालयाला सांगावी लागलेली गोष्ट १९६० च्या नियमांत कायमची लिहायला काही अडचण नाही: नाव काढण्याआधी घरी लेखी नोटीस आणि मोबाईलवर संदेश, वगळलेल्या नावांची यादी कारणासह त्याच मतदान केंद्राच्या भिंतीवर, सुनावणी तहसीलला न बोलावता वॉर्डात, संध्याकाळी, काम सुटल्यावर. आणि हे सगळं उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दोन महिने आधी पूर्ण झालेलं, कारण त्या तारखेनंतर यादीत काहीच बदलता येत नाही.